चौकटराव

चित्रपट संपतो, नामावली सुरू होते आणि लोक खुर्च्या आपटत उठायला लागतात. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक गृहस्थ मात्र तसेच बसून असतात. तर्जनी गालाला, अंगठा हनुवटीला, डोळे अर्धवट मिटलेले. केशभूषाकाराच्या मदतनिसाचं नाव येऊन जातं, प्रयोगशाळेचं बोधचिन्ह येऊन जातं, दिवे लागतात, झाडूवाल्या बाई आत येतात. मग एक लांब उसासा सोडून गृहस्थ शेजाऱ्याला म्हणतात, "काव्य आहे हो, काव्य." शेजारी तोवर रिक्षात बसलेला असतो. झाडूवाल्या बाईच "हो ना" म्हणतात आणि पाय वर घ्यायला सांगतात.

हे आमचे चौकटराव. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण ते आता बँकेच्या पेन्शनपुरतं उरलंय. दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जन्यांची चौकट करून तिच्यातून जगाकडे बघायची त्यांना सवय आहे. लग्नाच्या पंगतीत ते समोरच्या वाढप्याला त्या चौकटीतून न्याहाळतात आणि जिलबी पुढे निघून जाते.

पुण्यात हा नमुना विपुल सापडतो, याला कारणं आहेत. लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, जवळच फिल्म इन्स्टिट्यूट आहे, आणि दोघांचा मिळून उन्हाळ्यात रसास्वादाचा वर्ग भरतो. प्रा. सतीश बहादूर 'पथेर पांचाली'चे पदर एकेक करून उलगडून दाखवायचे, त्या काळात चौकटरावांनी हा वर्ग केला. त्या वर्गातून पुष्कळ लोक शहाणे होऊन बाहेर पडले. चौकटराव भारलेले बाहेर पडले आणि अजून उतरलेले नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे मी बरंच वाकडं लिहिणार आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सोळा एमेमच्या जमान्यात आमच्या चित्रपट मंडळासाठी रिळांचे पत्र्याचे डबे लूनाच्या मागे बांधून हा माणूस पावसातून आणायचा, हॉलचं भाडं कमी पडलं तर गुपचूप खिशातून भरायचा. आमच्यासारख्या दीडशहाण्यांनी जगातला जो काही चांगला सिनेमा पाहिलाय, त्यातला अर्धा त्या लूनावरून आलेला आहे.

पण या माणसाची आवड फार अरुंद. चित्रपट दिग्दर्शकाचा पहिला हवा. त्यात एक मुलगा हवा, दहा ते तेराच्या दरम्यानचा. बाप पिणारा, आई दमलेली, घर गळकं, आणि जवळपास पाण्याचा साठा. नदी चालते, तळं चालतं, पण कालवा असला की चौकटराव सावरून बसतात. मुलाने फार बोलू नये. काही घडू नये. "काहीही घडत नाही" हे त्यांच्या शब्दकोशातलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. मंडळाच्या पत्रिकेत ते परीक्षण लिहितात त्यात 'पहिलाच चित्रपट असूनही' हे शब्द पहिल्या ओळीत येतात, 'अंगावर येणारं वास्तव' दुसऱ्या परिच्छेदात, आणि शेवटी 'प्रेक्षकाला अस्वस्थ करून सोडतो.' सोडतो म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नाही. त्याच दिग्दर्शकाने दुसरा चित्रपट काढला की परीक्षण चार ओळींचं: पहिल्यातली कोवळीक हरवली. केन लोचचा 'केस' त्यांना प्राणप्रिय. खाणीच्या गावातला पोरगा, त्याने पाळलेला ससाणा, १९६९ साल, सगळं जमून आलेलं. पण लोचने १९६७ मध्येच 'पुअर काउ' काढून ठेवला होता, त्यामुळे 'केस' पहिला ठरत नाही. हे त्यांना अजून लागून राहिलंय. त्या 'केस'मध्ये फुटबॉलचा एक प्रसंग आहे. स्वतःला बॉबी चार्ल्टन समजणारा पीटी मास्तर पोरांच्या सामन्यात घुसून स्वतःच गोल करत सुटतो. हॉल हसून लोळतो. चौकटराव त्या वेळी चहाला जाऊन येतात.

हा त्यांच्या स्वभावातला खरा पेच. पडद्यावरच्या गरीब मुलाला ते सगळं द्यायला तयार असतात: करुणा, तीन कॉलमांचं परीक्षण, रिट्रोस्पेक्टिव्ह. फक्त त्याने हसायचं नाही. पोरगं हसलं की दिग्दर्शकाचा पाय घसरला, असं त्यांना वाटतं. 'पथेर पांचाली' त्यांनी कितीदा पाहिला याचा हिशेब नाही, पण दुर्गा पावसात गिरक्या घेते त्या प्रसंगाबद्दल विचारा. ते म्हणतील, "हां, तिथे तिला ताप भरतो." गिरक्या त्यांच्या लक्षात नाहीत, ताप आहे. १९५६ साली कानमध्ये त्या चित्रपटाला 'सर्वोत्कृष्ट मानवी दस्तऐवज' म्हणून गौरवलं, यावर ते भलते खूष असतात. दस्तऐवज कसा, एकदा नोंदवला की त्यात खाडाखोड होत नाही. १९८० मध्ये नर्गिसबाईंनी सत्यजित राय यांच्यावर देशाची गरिबी परदेशात विकल्याचा ठपका ठेवला होता. तो विषय निघाला की चौकटराव लाल होतात. त्यांचा स्वतःचा व्यवहार मात्र आयातीचा आहे. महिन्याला एक तरी बालपण ते बाहेरून मागवतात. एडिनबराजवळच्या खाणगावातलं बिल डग्लसचं, तेही कृष्णधवल आणि तीन भागांत, पॅरिसमधलं त्रुफोचं, आणि सगळ्यांत लाडकं ग्लासगोचं.

ग्लासगोचं म्हणजे लिन रॅम्झीचा 'रॅटकॅचर', १९९९ चा. तो आमच्या मंडळात दाखवला त्या संध्याकाळबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं.

प्रास्ताविक चौकटरावांचं. ४० मिनिटं. १९७३ चं ग्लासगो, कचरा कामगारांचा संप, चाळीवजा इमारतींमध्ये साचलेले काळ्या पिशव्यांचे ढीग, त्यात उंदीर. बारा वर्षांचा जेम्स. कालव्याच्या काठी मस्ती करताना त्याचा सोबती रायन पाण्यात जातो आणि बुडतो, ते ओझं घेऊन जेम्स हिंडत राहतो. इथपर्यंत ठीक होतं. मग त्यांनी शेवटही सांगून टाकला, कारण "कथा हा गौण भाग आहे." रॅम्झी स्वतः ग्लासगोची, फोटोग्राफी शिकलेली, मग इंग्लंडच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये छायालेखन केलेली, म्हणून तिची प्रत्येक चौकट कशी भरलेली असते, हेही सांगितलं. हे मात्र खरंच आहे. 'रॅटकॅचर' फार देखणा चित्रपट आहे, आणि त्याचं देखणेपण कचऱ्याला अत्तर लावणारं नाही.

आमची प्रत निघाली उपशीर्षकांविना. पात्रं ग्लासगोच्या ठसक्यात बोलतात, इतक्या ठसक्यात की अमेरिकेत हा इंग्रजी चित्रपट इंग्रजी उपशीर्षकं देऊन दाखवावा लागला. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. अंधारातून चौकटरावांचा आवाज आला, "शब्दांच्या मागे जाऊ नका. उपशीर्षक ही प्रतिमेच्या चेहऱ्यावरची माशी आहे." लोक गप्प बसले. मग पडद्यावर एक बाई खिडकीतून काहीतरी ओरडली की चौकटराव कुजबुजायचे, "नियती." बाई पोराला झापत होती, हे आमच्या रांगेतल्या सगळ्या आयांना कळत होतं.

सुरुवातीलाच एक अप्रतिम प्रसंग आहे. रायन खिडकीच्या जाळीदार पडद्यात स्वतःला गुंडाळून घेत गोल गोल फिरतो, चेहरा पडद्याआड धूसर, सगळं संथ. आणि एकदम फाडकन आईची चापट. चर्चेत चौकटराव या पडद्यावर दहा मिनिटं बोलले. पडदा म्हणजे कफन, पडदा म्हणजे गर्भ, पडदा म्हणजे स्वतः सिनेमा. ते श्वास घ्यायला थांबले तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "अहो, पडदा फाटेल म्हणून मारलं तिने. नवीन असणार." चौकटरावांनी खेदाने मान हलवली. माझं मत विचाराल तर रॅम्झीला आजींचं म्हणणं जास्त पटलं असतं. तो पडदा कफनासारखा दिसतो हे तिला नक्की ठाऊक होतं, पण चापट पडद्यासाठीच आहे, म्हणून तर ती लागते.

खरी ठिणगी पडली उंदरावरून. जेम्सच्या ओळखीतला केनी, प्राण्यांवर जीव असलेला भाबडा मुलगा. त्याच्याकडे एक पांढरा उंदीर असतो. बाकीची टवाळ पोरं त्या उंदराला हवेत उडवून छळतात, आणि शेवटी केनी त्याची शेपटी फुग्याच्या दोरीला बांधून त्याला चंद्रावर पाठवून देतो. उंदीर खरोखर चंद्रावर पोचतो. तिथे आणखी उंदीर असतात, सगळे मजेत. एवढ्या चिखलातून चित्रपट एकाएकी आकाशात जातो. चित्रपट आला तेव्हा समीक्षकांनी लोच आणि डग्लसची नावं घेतली, पण या दोघांनीही उंदराला असं सोडलं नसतं. काहींना हे उड्डाण खटकलं, काहींच्या मते तिथेच रॅम्झी वेगळी ठरते. चौकटराव अर्थातच पहिल्या गटात. "तोल गेला," ते कळवळून म्हणाले. "वास्तवाशी प्रतारणा झाली. उंदीर मरायला हवा होता."

"पण पुढे जेम्स केनीला सांगतोच की, उंदीर मेला म्हणून," आमचे खजिनदार म्हणाले.

"तेच तर. ते पुरेसं होतं."

"मग त्याला दोन मिनिटं चंद्रावर राहू द्या की. तुमचं काय जातंय?"

खजिनदारांची ओळख करून द्यायला हवी. हे मंडळात आले ते हिशेब ठेवायला, सिनेमाची फारशी गोडी नाही. लालबागच्या चाळीत वाढलेले, वडील गिरणीत साचा खात्यात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा हे जेम्सच्याच वयाचे होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात यांचे वडील. पुढे मामाच्या आधाराने पुण्यात आले. या सगळ्याबद्दल ते स्वतःहून काही बोलत नाहीत, आणि चौकटरावांनी कधी विचारलेलं नाही. चौकटराव बालपणांच्या शोधात ग्लासगोपर्यंत जाऊन आले, खजिनदार शेजारच्या खुर्चीवर पावत्या फाडत बसलेले असतात.

तर चित्रपटात जेम्स एकदा बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जातो. तिथे शहराबाहेर नवीन घरांची वसाहत बांधली जातेय. तो एका अर्धवट घरात शिरतो. न्हाणीघरात टब आहे, अजून नळ जोडलेले नाहीत. तो त्यात आडवा होतो. मग संडासाच्या भांड्यासमोर उभा राहून ऐटीत लघवी करतो, आणि भांडंही कशाला जोडलेलं नसल्यामुळे व्हायचं तेच होतं. हॉलमध्ये पवित्र शांतता होती. आणि त्या शांततेत खजिनदार मोठ्याने हसले. पोट धरून. चौकटराव वळले आणि त्यांनी ओठावर बोट ठेवलं. खजिनदारांना आवरेना. "अहो, घरात संडास! घरात!" एवढंच ते म्हणत होते. ज्याने डबा घेऊन चाळीच्या रांगेत सकाळी उभं राहून काढलंय, त्यालाच त्या प्रसंगातली मजा पुरती कळणार. जेम्स दुःखी नसतो तिथे. तो मालक असतो, पाचच मिनिटं का होईना. लगेच पुढे तो स्वयंपाकघराच्या काच नसलेल्या खिडकीतून उडी मारून गव्हाच्या शेतात जातो आणि कोलांट्या घेतो. चौकटरावांच्या वहीत त्या जागी लिहिलं होतं: "चौकटीतली चौकट!!" दोन उद्गारचिन्हांसकट.

चित्रपटाचा शेवट मोठा खुबीचा. जेम्स कालव्यात आहे, आणि दुसरीकडे सगळं कुटुंब सामान डोक्या-खांद्यावर घेऊन त्या शेतातून नव्या घराकडे चाललंय. दोन्हींतलं खरं कुठलं, हे रॅम्झी सांगत नाही. प्रश्नोत्तरांत खजिनदारांनी हात वर केला.

"मग घर लागलं का त्यांना शेवटी?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. गिरणगावातल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न म्हाडाच्या सोडतीच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि तो हसण्यासारखा नाही. चौकटराव मात्र समजुतीच्या सुरात म्हणाले, "घर ही तिथे एक मनोवस्था आहे."

"मनोवस्थेत संडास आत असतो का?"

पत्रिकेच्या पुढच्या अंकात चौकटरावांनी 'प्रेक्षकाच्या अपेक्षांची मर्यादा' असा लेख लिहिला. छपाईचा खर्च खजिनदारांनी विनातक्रार मंजूर केला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये 'फँड्री' आला आणि चौकटरावांची चांगलीच पंचाईत झाली. सगळ्या अटी पूर्ण: पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, गावकुसाबाहेरचा जब्या, कष्टाने वाकलेला बाप, काळी चिमणी. पण हे बालपण आयात केलेलं नव्हतं. करमाळ्याकडून आलं होतं, मराठी बोलत होतं, आणि मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न घेऊन आलेली पोरं ते बघत शिट्ट्या मारत होती. अजय-अतुलचं गाणं जाहिरातीत धो धो वाजत होतं. चौकटराव म्हणाले, हा बाजार झाला. चित्रपटात ते गाणं नाहीच असं निघालं तेव्हा शेजारची पोरं वैतागली. चौकटराव त्यांच्यावर वैतागले. डुक्कर पकडायच्या प्रसंगात पडद्यावरचं गाव हसतं आणि थेटरही हसतं. नागराज मंजुळेंनी तो सापळा हसणाऱ्यांसाठी लावलेला आहे, आणि थोड्याच वेळात तो आवळला जातो. चौकटराव हसले नाहीत, म्हणून ते सुटले. न हसणाऱ्यांची सोय दिग्दर्शकाने शेवटच्या दगडात केलीय, पण तिथूनही ते सुटले. जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या तोंडावर येतो आणि पडदा काळा होतो. शेजारच्या पोराने दचकून मान खाली घातली. चौकटरावांनी खिशातला पेनटॉर्च काढला आणि लिहिलं, "दगड — कोन उत्तम."

दोन वर्षांनी 'सैराट' आला. कोवळीक हरवली, चार ओळी.

आता त्यांच्या डोक्यात स्वतःचा चित्रपट आहे. पहिलाच असणार, ही जमेची बाजू. अडचण कच्च्या मालाची. चौकटरावांचे वडील पाटबंधारे खात्यात उपअभियंता होते, सरकारी बंगला होता, आवारात चिकूची दोन झाडं होती. अशा बालपणाचं काय करायचं? बाप प्यायचा नाही, रोज ताक प्यायचा. मग त्यांनी घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला हाताशी धरलं. वय बारा, राहणार पर्वतीच्या पायथ्याशी, घरापासून दोन मिनिटांवर मुठेचा कालवा. चौकटरावांना रात्रभर झोप आली नाही.

रविवारी त्याला समोर बसवून त्यांनी वही उघडली.

"कालव्याकडे बघून तुला काय वाटतं?"

"मजा."

"मजा म्हणजे... आत कुठेतरी पोकळी?"

"नाही काका. उन्हाळ्यात आम्ही पोहतो ना. वॉचमन आला की पळतो. त्याची एकदा चप्पल वाहून गेली." आणि तो इतका हसला की काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या.

चौकटरावांनी त्याला पटकथेतला पहिला प्रसंग वाचून दाखवला. पहाट. धुकं. एक मुलगा कालव्याच्या काठावर उभा आहे. तो पाण्याकडे बघतो. साडेचार मिनिटं बघतो. मुलगा मन लावून ऐकत होता. मग त्याने शंका काढली, "नुसता बघत कशाला उभा राहील? उडी मारेल ना."

असं मार्मिक परीक्षण आमच्या पत्रिकेत आजवर छापून आलेलं नाही. पण चौकटराव खचले नाहीत. त्यांनी पोराला समजावलं की आपल्याला उदास मुलगा हवाय, तुझ्या मित्रांत कुणी असेल तर घेऊन ये. पोरगं व्यवहारी. दिवसाचे किती मिळतील ते आधी विचारून घेतलं आणि गेलं.

पुढच्या रविवारी दारात सहा जण. केस पाण्याने चापून बसवलेले, आणि सगळ्यांनी तोंडं पाडलेली. आरशासमोर तालीम केली होती म्हणे. एकाने तर खालचा ओठही बाहेर काढला होता. चौकटराव गहिवरले. त्यांनी सगळ्यांना गॅलरीत ओळीने उभं केलं, बोटांची चौकट धरली, "छान, असेच राहा, हलू नका" म्हणाले. तेवढ्यात काकू आतून आल्या. सकाळच्या वेळी दारात सहा पोरं, तीही अशा चेहऱ्यांची, हे त्यांना सहन झालं नाही. त्या कढईभर पोहे घेऊन आल्या होत्या, वर खोबरं आणि लिंबाची फोड. पोरांनी चौकटीकडे पाहिलं, मग कढईकडे. ओठ बाहेर काढलेल्याने सगळ्यांत आधी बशी उचलली. चौकटराव "अहो, थांबा, लाइट जाईल" म्हणत राहिले. पोह्यांनंतर एकाचंही तोंड पडेना, आणि सहाव्याला तर उचकी लागली, तिचंच सगळ्यांना हसू.